ॲडजस्टेबल सस्पेन्शन: धंद्याच्या गाडीवर लाखभर टाकण्याआधी हा हिशोब करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण धंद्याच्या गाडीवरच्या खर्चाबद्दल बोललो. त्यात सस्पेन्शनचा विषय घाईत उरकला गेला, म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय. कागद-पेन घेऊन बसा, शेवटी तुम्हाला स्वतःचा आकडा काढायचाय.

प्रश्न साधा आहे. तुमच्याकडे धंद्याची गाडी आहे. टुरिस्ट गाडी असेल, माल पोचवायची व्हॅन असेल, नाहीतर आठवड्याला चार शहरं फिरायची तुमची स्वतःची कार असेल. रस्ते कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. गाडी खड्ड्यात आदळते, वळणावर झुकते, माल भरला की मागून बसते. मग कुणीतरी सांगतं, "ॲडजस्टेबल सस्पेन्शन टाका, गाडी बदलून जाईल." किंमत विचारली की पोटात गोळा येतो, पण मोहही सुटत नाही.

टाकायचं की नाही? माझं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात नाही. पण उत्तर काढायची पद्धत नक्की आहे.

आधी माझा चटका ऐका

२०१५ साली मी फरसाण आणि चिवडा दुकानांना पोचवायचो. सातारा, कोरेगाव, वाई अशी लाइन होती. सेकंड हँड हॅचबॅक, मागची सीट काढून टाकलेली. माल भरला की गाडी मागून बसायची, खड्ड्यावरून गेली की दोन-तीन वेळा नाचायची, आणि डावीकडून खट-खट आवाज यायचा. पाकिटात फरसाणाचा चुरा व्हायचा. दुकानदार तोंड वाकडं करायचे.

एका वर्कशॉपमध्ये मला चारही चाकांचा ॲडजस्टेबल सेट दाखवला. उंची कमी-जास्त करता येते, कडकपणा नॉब फिरवून बदलता येतो. बसवून बासष्ट हजार. मी म्हटलं, धंद्यासाठीच तर आहे, आणि टाकला.

पुढे काय झालं? नॉब पूर्ण कडक केला तरी माल भरल्यावर गाडी मागून बसायचीच. मग मागची उंची वाढवून घेतली. आता भरलेली गाडी सरळ दिसायची, पण परतीला रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडायची. आणि उंची बदलायची म्हणजे गाडी जॅकवर घ्या, चाक काढा, पाना लावा. रोज सकाळ-संध्याकाळ हे कोण करणार? पहिल्या महिन्यानंतर मी त्याला हातही लावला नाही.

खरा फटका दिवाळीच्या आधी बसला. एका कारखान्याकडून कामगारांना वाटायला ४०० फराळ बॉक्सची विचारणा आली. बेसन, तेल, सुकामेवा आणि खोके यांना आधी पंचावन्न हजार लागणार होते. माझ्याकडे पैसे नव्हते, ते गाडीखाली लटकत होते. ऑर्डर दुसऱ्याकडे गेली.

नंतर आमच्या गावातल्या जुन्या मेस्त्रींनी माझे काढलेले शॉकअप पोत्यातून बाहेर काढून पाहिले. म्हणाले, "पुढचे दोन चांगले आहेत की! मागचे दोन गेलेत, तेल गळलंय. हे दोन आणि एक लिंक रॉड बदलला असता तर दहा-अकरा हजारांत भागलं असतं. आणि तेलाचे डबे एकदम मागे दरवाजापाशी का ठेवतोस? ते पुढच्या सीटच्या पाठीला लाव." डबे पुढे सरकवायला एक पैसा लागला नाही, आणि गाडीचं मागून बसणं निम्मं कमी झालं.

म्हणून सांगतो, चूक सस्पेन्शनच्या सेटची नव्हती. मी आजार न ओळखता औषध घेतलं होतं.

तुम्ही नेमकं काय विकत घेताय?

इथे थोडं तांत्रिक समजून घ्या. हे कळलं की विक्रेता तुम्हाला गुंडाळू शकत नाही.

गाडीच्या सस्पेन्शनमध्ये दोन वेगळी कामं असतात. गाडीचं वजन उचलते ती स्प्रिंग (कारमध्ये गोल कॉइल, पिकअप-टेम्पोत मागे बहुधा पाटे). आणि स्प्रिंगचं नाचणं थांबवतो तो शॉकअप. शॉकअपच्या आत तेल असतं. ते पिस्टनच्या बारीक छिद्रांतून जोर लावून जातं आणि नाचण्यातली ताकद उष्णतेत जिरते. म्हणूनच खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो.

आता लक्षात ठेवा: शॉकअप वजन उचलत नाही. त्यामुळे शॉकअपचा नॉब कितीही कडक केला तरी भरलेली गाडी वर येणार नाही. माझी पहिली चूक हीच होती.

बाजारात "ॲडजस्टेबल" या एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

१. नॉबवाले शॉकअप. नॉब फिरवला की तेलाचा आतला रस्ता लहान-मोठा होतो. गाडी कडक किंवा मऊ वागते. उंची आणि वजन पेलण्याची ताकद तीच राहते.

२. कॉइलओव्हर. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, बाहेरून आटे असलेली बॉडी. रिंग फिरवून उंची बदलते. बऱ्याच सेटमध्ये नॉबही असतो. हे प्रामुख्याने वेगात वळणं घेणाऱ्या, स्पोर्टी चालवणाऱ्यांसाठी बनतात. स्प्रिंग सहसा कंपनीच्या स्प्रिंगपेक्षा कडक असते.

३. हवेचा आधार. मागच्या स्प्रिंगच्या आत किंवा शेजारी रबरी फुगा बसतो. माल भरला की हवा भरा, रिकामी झाली की कमी करा. मूळ स्प्रिंग तशीच राहते, तिला मदत मिळते.

४. पूर्ण एअर सस्पेन्शन. स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या, सोबत कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह, पाइप. सगळ्यात महाग, आणि बिघडायला सगळ्यात जास्त जागा.

चौथा प्रकार तुम्ही पाहिलेला आहे. व्होल्वोच्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये बसला असाल तर त्यावर बसून प्रवासही केलाय. तिथे तो का असतो? कारण बसमध्ये कधी दहा माणसं असतात, कधी पंचेचाळीस, खाली डिकीत सामान वेगळं. वजन सतत बदलतं, म्हणून हवा आपोआप कमी-जास्त होऊन बसची उंची तीच राहते. सिट्रोएन कंपनीने १९५५ साली डीएस नावाची कार आणली, तिच्यातही तेल आणि वायूच्या दाबावर चालणारं, स्वतःहून उंची सांभाळणारं सस्पेन्शन होतं. कल्पना तीच: भार बदलला तरी गाडी सरळ.

यातून मुख्य प्रश्न मिळतो. ॲडजस्टेबल म्हणजे बदलता येणारं. मग तुमच्या धंद्यात रोज बदलतं काय? वजन बदलतं? रस्ता बदलतो? की दोन्ही रोज तेच असतं? रोज तेच वजन आणि तोच रस्ता असेल, तर तुम्हाला बदलता येणाऱ्या वस्तूची गरजच नाही. एकदा योग्य बसवलेली साधी वस्तू पुरते, आणि ती स्वस्त पडते.

खर्चाआधीची तपासणी

वर्कशॉपमध्ये जाण्याआधी हे सहा उद्योग करा. एक रविवार सकाळ पुरे.

१. टायरची हवा. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात हवेचा तक्ता असतो. बऱ्याच गाड्यांना रिकाम्यासाठी आणि भरलेल्यासाठी वेगळे आकडे दिलेले असतात. आपण वर्षभर एकाच आकड्यावर चालवतो. जास्त हवा म्हणजे धक्के, कमी हवा म्हणजे गाडी लोळते आणि डिझेल जास्त खाते.

२. माल कुठे ठेवता? जड वस्तू मागच्या चाकांच्याही मागे ठेवल्या की गाडी मागून बसते आणि पुढून हलकी होते. जड वस्तू खाली आणि जमेल तितक्या पुढे ठेवा.

३. दाबून बघा. गाडीचा एकेक कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबायला हवी. दोन-तीन वेळा नाचली तर त्या कोपऱ्याचा शॉकअप संशयित. ही ढोबळ चाचणी आहे, पण फुकट आहे.

४. शॉकअपवर तेल आहे का? खाली वाकून टॉर्च मारा. तेलाने ओला आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर शॉकअप संपला.

५. टायरवरून हात फिरवा. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग. एकाच बाजूने झिजला असेल तर अलाइनमेंट.

६. खट-खट आवाज. छोट्या खड्ड्यावर आवाज येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड, बुश किंवा स्ट्रटचं माउंटिंग. ही तुलनेने स्वस्त दुरुस्ती आहे.

यानंतर एक मोजमाप घ्या. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा, रिकामी असताना आणि नेहमीचा माल भरल्यावर. दोन्ही आकडे लिहून ठेवा. गाडी "खूप बसते" हे बोलणं झालं, "मागून ७ सेंटीमीटर बसते" ही माहिती झाली. वर्कशॉपमध्ये माहिती घेऊन जा.

अनेकांचा प्रश्न इथेच सुटतो. ज्यांचा सुटत नाही, त्यांनी पुढचा हिशोब करायचा.

पैसे कोणत्या खात्यातून परत येणार?

धंद्यातला खर्च चार वाटांनीच परत येतो: नुकसान कमी होतं, दुरुस्ती कमी होते, काम जास्त होतं, किंवा दर जास्त मिळतो. "गाडी भारी वाटते" ही पाचवी वाट नाही. ती हौस आहे. हौस करायला माझी हरकत नाही, पण ती घरखर्चातून करा, धंद्याच्या भांडवलातून नको.

सूत्र सोपं आहे:

एकूण खर्च ÷ दरमहा होणारा खरा फायदा = पैसे परत यायला लागणारे महिने

आणि एक गोष्ट विसरू नका. तुलना "महाग सेट की काहीच नाही" अशी करायची नसते. तुलना "महाग सेट की साधी दुरुस्ती" अशी करायची. साध्या दुरुस्तीने जो फायदा होणारच आहे, तो महाग सेटच्या खात्यात धरायचा नाही.

चार उदाहरणं घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर काढून तुमचे आकडे टाका.

उदाहरण १: केकची डिलिव्हरी. समजा एक ताई नाशिकमध्ये घरून केक बनवतात आणि स्वतःच्या कारने पोचवतात. महिन्याला दोन केक रस्त्यात बिघडतात, प्रत्येकी ९०० रुपयांचं नुकसान. म्हणजे महिन्याला १,८००. कॉइलओव्हर सेट ८०,००० रुपये. दुसरा पर्याय: जुने शॉकअप बदलून अलाइनमेंट १४,००० आणि न घसरणारी मॅट, घट्ट बसणारे खोके, फोमचा ट्रे यांचे २,०००.

सेटने सगळं नुकसान थांबेल असं मानलं तरी ८०,००० ÷ १,८०० म्हणजे जवळपास ४५ महिने. आणि कॉइलओव्हरची स्प्रिंग कडक असते, केकला ती मानवेलच असं नाही. दुसऱ्या पर्यायाने तेच नुकसान थांबलं तर १६,००० ÷ १,८०० म्हणजे सुमारे ९ महिने. ताईंनी आधी २,००० रुपयांचा ट्रे आणि मॅट घ्यावी, महिनाभर बघावं, मग गरज असेल तरच शॉकअपकडे वळावं.

उदाहरण २: टुरिस्ट गाडी. पुणे-महाबळेश्वर, पुणे-गणपतीपुळे अशा फेऱ्या. दादांना वाटतं, ॲडजस्टेबल सेट टाकला तर घाटात गाडी छान चिकटून चालेल. चालेलही. पण मागे बसलेल्या आजींना वळणावरची पकड नको असते, त्यांना कमरेला धक्का नको असतो. किलोमीटरचा दर बाजार ठरवतो, तुमच्या गाडीखाली काय आहे ते बघून कुणी दोन रुपये जास्त देत नाही. इथे कंपनीचे चार नवे शॉकअप, बुश, माउंटिंग, चांगले टायर हाच खरा अपग्रेड. गिऱ्हाईक "गाडी आरामात होती" म्हणून पुन्हा फोन करतं, ते यामुळे.

उदाहरण ३: साउंड सिस्टीम आणि मंडप. मागे कॉइल स्प्रिंग असलेली छोटी व्हॅन. कार्यक्रमाच्या दिवशी स्पीकर आणि लोखंडी स्टँड भरलेले, बाकी दिवस जवळपास रिकामी. इथे वजन खरंच बदलतं. भरलेली असताना स्पीडब्रेकरवर खालून घासते, मागचे टायर जास्त झिजतात. समजा हवेच्या आधाराचा सेट बसवून १८,००० रुपये. घासून होणारी दुरुस्ती आणि टायरची झीज धरून महिन्याला १,५०० वाचतात. १८,००० ÷ १,५०० = १२ महिने. गाडी अजून तीन-चार वर्षं ठेवायची असेल तर हा विचार करण्यासारखा सौदा आहे. हवा भरायला दोन मिनिटं लागतात, चाक काढावं लागत नाही, म्हणजे ती सोय खरंच वापरली जाईल.

उदाहरण ४: पावसाळी कॅम्पिंग टूर. सह्याद्रीतल्या कच्च्या रस्त्यांवर पाहुण्यांना नेणारी फोर बाय फोर गाडी, अर्थात भाड्याने चालवायच्या परवान्यासह पिवळ्या पाटीची. समजा पावसाळ्याच्या पाच महिन्यांत दरमहा तीन फेऱ्या रद्द होतात, कारण खडबडीत वाटेवर गाडी खाली टेकते. प्रत्येक फेरीमागे खर्च वजा जाता ४,००० रुपये. वर्षाला ३ × ५ × ४,००० = ६०,०००. जड कामाचा ॲडजस्टेबल सेट बसवून १,४०,००० रुपये. पैसे परत यायला सव्वादोन-अडीच वर्षं. हा सीमारेषेवरचा सौदा. फेऱ्या खरंच सस्पेन्शनमुळेच रद्द होतात का, हे आधी तपासा. पाऊस, गिऱ्हाईक न येणं, रस्ता बंद असणं यामुळे होत असतील, तर सेट टाकूनही त्या रद्दच होतील.

माझी ढोबळ पट्टी अशी: १२ महिन्यांच्या आत पैसे परत येत असतील तर पुढे जा. १२ ते २४ मध्ये असेल तर विचार करा, शक्यतो कर्ज न काढता. २४ च्या पुढे असेल तर नवा उद्योजक म्हणून थांबा. तुमच्या पहिल्या दोन वर्षांत हातातल्या रोख पैशाइतकी दुसरी ताकद नाही.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च

सेटची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नाही. हेही जोडा.

– बसवण्याची मजुरी, आणि उंची बदलली की पुन्हा व्हील अलाइनमेंट. दर वेळी.

– गाडी उभी राहण्याचे दिवस. कंपनीचा शॉकअप तालुक्याच्या दुकानात मिळतो. बाहेरच्या सेटचा एक शॉकअप गेला आणि तो मागवायला पंधरा दिवस लागले, तर त्या पंधरा दिवसांचं भाडं कोण देणार?

– सर्व्हिसिंग. चिखल, धूळ आणि कोकणातली खारी हवा यामुळे आटे गंजतात, रिंग जाम होते. मग ॲडजस्टेबल सेट नावापुरताच ॲडजस्टेबल राहतो.

– वॉरंटी. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरच्या सस्पेन्शनमुळे त्या भागाचा दावा नाकारला जाऊ शकतो. आणि सेटची स्वतःची वॉरंटी भाड्याच्या किंवा मालवाहू गाडीला लागू आहे का, हे लेखी विचारा.

– विकताना. गाडी विकताना सेटचे पैसे सहसा मिळत नाहीत. मूळ भाग जपून ठेवा, परत बसवून सेट वेगळा विकता येतो.

जीएसटीचं क्रेडिट मिळेल का, हा खर्च दुरुस्तीत जाईल की भांडवली धरला जाईल, हे गाडीच्या प्रकारावर अवलंबून असतं. पैसे देण्याआधी तुमच्या सीएला एक फोन करा.

कायद्याची बाजू

इथे बरेच जण फसतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, कंपनीने मूळ दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात असलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याच कलमावर निकाल देताना मूळ स्पेसिफिकेशनपासून दूर जाणाऱ्या बदलांना चाप लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे.

झिजलेला शॉकअप काढून त्याच दर्जाचा नवा टाकणं ही दुरुस्ती. गाडीची उंची बदलणं ही वेगळी गोष्ट. भाड्याच्या गाडीला फिटनेस तपासणीला जावं लागतं, तेव्हा हे दिसतंच. म्हणून आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर दाव्याच्या वेळी या गोष्टी निघाल्या तर सगळा धंदा रस्त्यावर येऊ शकतो.

आणि माल वाहणाऱ्यांसाठी खास: हवेचा फुगा टाकला म्हणून गाडीची मंजूर भारक्षमता वाढत नाही. गाडी वरून सरळ दिसते एवढंच. ब्रेक तेच, एक्सल तोच, टायर तेच. जादा मालाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहेत. पण दंडाचं सोडा, भरलेली गाडी घाटात उतरताना ब्रेक लागला नाही तर त्याची भरपाई कोणत्याच वहीत लिहिता येत नाही.

घ्यायचंच ठरलं तर

हिशोब जुळला, कायद्यात बसलं, रोख पैसा हाताशी आहे. मग छाती ठोकून घ्या. फक्त विक्रेत्याला हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा.

१. नॉब नेमकं काय बदलतो: दबताना, वर येताना की दोन्ही?
२. एकच शॉकअप सुटा मिळतो का? किती दिवसांत?
३. दुरुस्ती इथे होते की बाहेर पाठवावा लागतो?
४. माझ्या भरलेल्या वजनाला ही स्प्रिंग चालते का?
५. याच मॉडेलची, माझ्यासारख्याच कामाची गाडी दाखवाल का? तिच्या मालकाशी बोलता येईल?

पाचव्या प्रश्नावर विक्रेता चाचरला तर तुम्हीही थांबा.

बसवल्यावर सगळे नॉब मधल्या आकड्यावर ठेवा. रोजच्या रस्त्यावर, रोजच्या मालासह चालवा. मग एका वेळी फक्त पुढचे किंवा फक्त मागचे, दोन-दोन क्लिक बदला. डावं-उजवं सारखंच ठेवा. प्रत्येक बदल तारखेसह लिहा. पुढून उंची बदलली असेल तर अलाइनमेंटसोबत हेडलाइटचा रोखही तपासून घ्या. तीन महिन्यांनी वही उघडून बघा, धरलेला फायदा खरंच आला का. आला असेल तर पुढच्या गाडीसाठी तुमच्याकडे स्वतःचा अनुभव तयार आहे. आला नसेल तरी हरकत नाही, पुढच्या वेळी आकडा धरताना हात आखडता राहील.

तुमचा गृहपाठ

येत्या तीस दिवसांत गाडीत एक छोटी वही ठेवा. तीन रकाने आखा: आज किती वजन होतं, रस्ता कोणता होता, आणि गाडीमुळे आज किती रुपयांचं नुकसान झालं. "झालं नाही" असेल तर शून्य लिहा, पण रोज लिहा.

महिनाअखेरीस तिसऱ्या रकान्याची बेरीज करा. कोटेशनचा आकडा त्या बेरजेने भागा. जे उत्तर येईल ते मी किंवा कुठल्याही वर्कशॉपने दिलेल्या सल्ल्यापेक्षा जास्त खरं असेल, कारण ते तुमच्या गाडीचं आणि तुमच्या रस्त्याचं आहे.

मी ही वही २०१५ मध्ये ठेवली असती, तर त्या दिवाळीत ४०० बॉक्स माझ्या गाडीतून गेले असते. तेलाचे डबे पुढे सरकवून.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हवा तपासा, माल नीट लावा, आणि हिशोब लिहा.